आवाजाच्या आडोशाला

टीव्ही लागला की तो माणूस तोंडाला फडकं बांधायचा.

कारखान्यातून आणलेल्या कोऱ्या कापडाचा तुकडा. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीच्या खालपर्यंत, मानेमागं गाठ. मग मांडी घालून टीव्हीसमोर निवांत बसायचा. डोळे उघडे, कान उघडे, तोंड तेवढं झाकलेलं. नवीन माणसाला वाटायचं, याची दाढ दुखतेय. कोणी विचारलंच तर हातानं खूण करायचा, थांब, जाहिरात लागू दे. जाहिरात लागली आणि तिच्यातही माणसं निघाली तर परत हात, थांब.

त्याला सगळे मामा म्हणायचे. त्याचे भाचे कोण आणि कुठले, ते कोणाला माहीत नव्हतं. तो खानदेशातला, मी बुलढाण्याकडचा. सुरतेत उधन्याला एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात त्याचं लूम आणि माझं लूम शेजारी शेजारी होतं. माणूस बायकोशेजारी जेवढा वेळ नसतो तेवढा मी त्या माणसाशेजारी उभा राहिलोय. म्हणून त्याच्याबद्दल लिहायचा हक्क माझा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही. शाळा मी तिसरीत सोडली. शाळेनं मला काढलं नव्हतं, मीच तिला सोडली. तेव्हा ह्या लिहिण्यात कोणी काना-मात्रा सुधारत बसू नये.

ज्यानं लूमचा कारखाना ऐकला नाही त्याला तो आवाज सांगून कळत नाही. पत्र्याच्या छपरावर कोणी टोपल्यानं दगड ओततोय, आणि टोपलं रिकामंच होत नाही, असं समजा. आत दोन माणसं कानाला तोंड लावून ओरडली तरी ऐकू जात नाही. म्हणून आत कोणी ओरडतच नाही. सगळे नुसते ओठ हलवतात. नवा कारीगर महिन्या-दोन महिन्यांत ओठ वाचायला शिकतो. नाही शिकला तर गावाला परत जातो. वर हाताच्या खुणा. मिशीला पीळ दिला की मुकादम. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ. दारातून पोट आत यायच्या आधी खूण सगळ्या खात्यात फिरून आलेली असायची.

पण आम्ही ओठ वाचायचो ते कामापुरते. धागा तुटला, चहा आला, लाइट जाणार आहे. मामा पोथी वाचावी तसा वाचायचा. दहा लूम पलीकडचा माणूस, तोही अर्धा पाठमोरा, नुसता गाल हलला तरी मामा सांगायचा, त्याच्या सासऱ्याची तब्येत बिघडली आहे. मराठी, हिंदी, गुजराती, आपली अहिराणी, सगळं. उडिया कारीगरांचं तेवढं त्याला जमायचं नाही. त्याचा त्याला मनापासून राग होता. म्हणायचा, "हे लोक तोंडाच्या मागल्या बाजूनं बोलतात."

एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. त्या आवाजातच आमची खरी खाजगी जागा होती. राहायला नवागामात, शेठच्याच चाळीत. खोल्यांच्या मधे पत्रा. एका खोलीत कूस बदलली की पलीकडच्या खोलीतला माणूस जागा व्हायचा. नवराबायकोला भांडायचं तर डोळ्यांनी भांडावं लागे. मनातलं बोलायचं असलं की सकाळची वाट बघायची आणि लूमवर जाऊन बोलायचं. माझ्या बायकोला दिवस गेल्याची बातमी मी मामाला लूमवर सांगितली. चाळीला ती पोट दिसल्यावर कळली.

मामी म्हणायची, "जगातल्या बायका नवऱ्याला मनातल्या मनात शिव्या देतात. माझं ते सुखसुद्धा गेलं. मनात बोलताना ओठ हलतात मेले." म्हणून मामी मामाकडे पाठ करून स्वयंपाक करायची. भांडण जोरात असलं की पदर तोंडात धरायची. आणि मामा पाठीकडे बघून म्हणायचा, "बोल, बोल. मान हलतेय तुझी."

फडक्याचं कारण सांगतो. ते पहिल्यापासून नव्हतं.

टीव्ही चाळीत एकच, मुकादमाचा. कोपऱ्याची खोली त्याची. संध्याकाळी तो दार उघडं टाकायचा आणि सगळी चाळ समोरच्या ओट्यावर बसायची. एकदा त्या टीव्हीचा आवाज गेला. चित्र येतंय, आवाज नाही. दुरुस्तीवाला येईपर्यंत आठवडा-पंधरा दिवस मामाची चैन होती. देवादिकांची मालिका लागायची आणि मामा आवाजासकट सांगायचा. "राजा म्हणतोय, प्रधानजी, राज्यात काय चाललंय? प्रधान म्हणतोय, महाराज, प्रजा आनंदात आहे. आणि मागचा तो भालेवाला म्हणतोय, यार, मिशी सुटायला लागली, डिंक आण."

सगळी चाळ मागच्या भालेवाल्याकडे बघायला लागली. पुढं त्या मालिकेत कोण मेलं आणि कोण जिंकलं ते कोणाला आठवत नाही. पण कोणत्या सैनिकाला भूक लागली होती ते मी आजही सांगेन. एक ऋषी वर हात करून शाप देत होता. मामा म्हणाला, "तो शाप नाही देत, वर कोणाला तरी पंखा बंद कर म्हणतोय." बायकांना हसू आवरेना. मुकादमाची बायको म्हणाली, "आवाज नीट करूच नका आता."

मग एका संध्याकाळी बातम्या लागल्या. बातम्या देणारी बाई, कपाळाला टिकली, पदर खांद्यावर. बातम्या संपल्या, ती कागद गोळा करायला लागली आणि बाजूच्या कोणाला तरी काही बोलली. सगळे ओरडले, "मामा, काय म्हणाली? काय म्हणाली?"

मामा रंगात होता. म्हणाला, "म्हणतेय, मधेच ब्लाउजचं हुक सुटलं होतं, दिसलं तर नाही ना."

ओटा हसून लोळला. मामा पण हसला. आणि हसता हसता थांबला. उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी लूमवर मला म्हणाला, "भाऊ, ती बाई माझ्याशी बोलत नव्हती."

मी म्हटलं, "मग?"

"मग मी का ऐकलं?"

"ऐकलं कुठं, आवाज बंद होता."

"तेच तर. आवाज बंद असताना मी तिच्या चोळीपर्यंत गेलो. मग ती माझं काय काय ऐकत असेल?"

हे त्याचं गणित. मी त्याला समजावलं. मी कोणाला समजावायला जात नाही, पण त्याला समजावलं. म्हटलं, मामा, ती काचेची पेटी आहे. ती बाई दिल्लीत आहे की मुंबईत आहे, तिला तू दिसत नाहीस.

"मी तिले देखस, ती माले देखस," मामा म्हणाला. "हिसाब बरोबर शे. काचेतून एकाच बाजूनं दिसतं, असं तू कुठं पाहिलं? तुझ्या खोलीच्या खिडकीतून तुला बाहेर दिसतं आणि बाहेरच्याला आत दिसत नाही, असं आहे का?"

माझ्या खोलीला खिडकीच नव्हती. पण तो चुकला होता. हे मी तेव्हाही म्हटलं, आताही म्हणतो.

त्या संध्याकाळपासून फडकं. चाळीनं खूप चेष्टा केली. "मामा, आज हीरोइन तुला आवाज देत होती." "मामा, पंतप्रधानानं तुझी चौकशी केली." मामा फडक्याआडून नुसते ओठ हलवून काय उत्तर द्यायचा ते कोणाला कळायचं नाही, कारण फडक्याआडचे ओठ वाचायची विद्या त्याच्याकडेच नव्हती, तर आमच्याकडे कुठून येणार!

तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ निघाला होता. काचेची उभी पेटी, आत फोन, बाहेर बाकडं. लोकांना फार भारी वाटायचं, दार लावलं की आतलं बाहेर ऐकू येत नाही म्हणून. मामा पहिल्यांदा ती पेटी बघून आला तो हात जोडूनच. म्हणाला, "काय अक्कल आहे! गुपित बोलायची खोली, आणि भिंती काचेच्या! आवाज आत कोंडला आणि तोंड बाहेर टांगलं."

त्याला गावी फोन करायचा असला की तो पेटीत शिरून कोपऱ्याकडे तोंड करून, डोकं पार खाली घालून बोलायचा. बूथवाल्याला वाटायचं, हा आत फोनची वायर कापतोय. तो बाहेरून काच ठोकायचा, "ओ काका! शुं करो छो?" मामा आतून हातानं हाकलायचा. एकदा बूथवाल्यानं दार उघडून त्याला दंडाला धरून सरळ उभा केला. फोनवर तिकडं गावी मामाचा मोठा भाऊ. इकडची ओढाताण त्यानं ऐकली, आणि त्याला वाटलं की सुरतेत दंगल झाली. दुसऱ्या दिवशी तो पिशवी घेऊन नवागामात हजर.

बाकड्यावर नंबर लागायची वाट बघायची असली की मामा डोळे मिटून बसायचा. आत लोक काय काय बोलतात ते दिसू नये म्हणून. लोकांना वाटायचं झोपलाय. ते पुढं घुसायचे. मामाचा नंबर दोन-दोन तास लागायचा नाही. मी म्हटलं, "डोळे उघड की. तुझं काय जातं?" म्हणाला, "माझं नाही, त्यांचं जातं."

आता कॅमेऱ्याकडे येतो.

नव्वद साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. शेठ कुठं तरी हिऱ्याच्या कारखान्यात जाऊन आला आणि तिथं त्यानं भिंतीवरचा कॅमेरा पाहिला. महिन्याभरात आमच्याकडे दाराच्या वर, बरोबर माझ्या लूमच्या समोर, एक लांबट डबा ठोकला. त्याची वायर भिंतीवरून वर ऑफिसात गेली. ऑफिसात लहानसा टीव्ही, काळापांढरा. त्यात आम्ही.

पहिल्या दिवशी सगळे कारीगर केस विंचरून आले. एक जण तर फोटोला उभं राहावं तसा छाती काढून दिवसभर उभा राहिला आणि त्याचे कापडाचे दोन ताके खराब झाले. दुपारी मुकादमानं सांगितलं, "घाबरू नका. ह्यात आवाज येत नाही, नुसतं चित्र येतं." झालं. लोकांचा जीव भांड्यात पडला. मामा तेवढा कपाळावर हात मारून घेत होता. लूमवरून मला म्हणाला, "गाढवं आहेत सगळी. अरे, आपण आवाजानं बोलतो का?"

आताच्या लोकांना ह्याचं काही वाटत नाही. माझ्या मुलानं दारावर असलाच डबा लावलाय. कोण आलं, कोण गेलं, त्याला कामावर बसून फोनात दिसतं. म्हणतो, बाबा, तुमच्याच काळजीसाठी आहे. असेल. मी त्या डब्याकडे पाठ करून चपला घालतो. माझ्या चपला घालण्यात बघण्यासारखं काय आहे?

तर, कॅमेरा लागला तेव्हा आमचं एक शिजत होतं. पलसाण्याला हायवेवर एक नवा कारखाना उभा राहत होता. तिथल्या शेठनं निरोप पाठवला होता की सात-आठ तयार कारीगर एकदम या, राहायला खोल्या देतो. आम्ही जायचं ठरवलं होतं. पण तिथल्या खोल्यांवर अजून पत्रे पडायचे होते. आणि आम्ही राहत होतो आमच्या शेठच्या चाळीत. आम्ही सोडून चाललो हे त्याला आधी कळलं असतं, तर त्यानं त्याच दिवशी सामान गल्लीत काढलं असतं. मागं एकाचं काढलं होतं, आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. दुसरे गडी एकटे, ते कुठंही पडले असते. माझी बायको दिवस भरलेली होती. सुईणबाई चाळीतच, दोन खोल्या सोडून. पहिलं मूल आमचं नीट हाती लागलं नव्हतं, तेव्हा हिला त्या सुईणीनंच सांभाळलं, तेव्हापासून तिचा भरवसा त्या एका सुईणीवर. बायको म्हणायची, "कुठं बी चला, पण हे होऊ द्या. मले इथून हलवू नका." म्हणून बाळंतपण होईपर्यंत तोंड बंद. खोलीत बोलायचं नाही, कारण मुकादम कोपऱ्यावर. बोलायचं ते लूमवर.

मामानं मला सांगितलं होतं, "आता लूमवर पण नको." मी ऐकलं नाही. मी कोणाचं ऐकत नाही.

आणि मुकादमाला आठवलं की आपल्या चाळीत आवाज बंद असलेला टीव्ही वाचणारा एक माणूस आहे. त्यानं ते शेठच्या कानात घातलं. एका दुपारी मुकादम लूमपाशी आला, मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर ऑफिसकडे बोट केलं. मामाचं लूम थांबलं. मामा खिशातून फडकं काढत जिना चढला.

पुढचं मी पाहिलं नाही. ते मला ऑफिसातल्या मेहताजीनं, म्हणजे कारकुनानं, पुढं चहाच्या गाडीवर सांगितलं. गुजराती माणूस, चष्म्याला दोरी. सांगताना त्याच्या नाकातून चहा आला.

शेठनं मामाला खुर्चीवर बसवलं. आजवर कोणा कारीगराला त्या ऑफिसात खुर्ची मिळाली नव्हती. टीव्ही समोर, शेठ मागं उभा. टीव्हीत मी, आणि माझ्या पलीकडच्या लूमवरचा अकोल्याचा गडी. मी त्याला सांगत होतो की पलसाण्याला पत्रे चढले, बारसं झालं की टेम्पो आणायचा.

शेठ म्हणाला, "बोल काका, आ शुं बोले छे?"

मामानं माझे ओठ वाचले. मग त्यानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं, टीव्हीच्या पार जवळ गेला आणि मोठमोठे ओठ हलवून, आवाज न करता, माझ्याशी बोलायला लागला. तोंडानं बोलणं आणि हातानं खुणा. पोटावरून गोल हात. परत पोटावरून गोल हात. मग अंगठा मागं.

मेहताजी सांगतो, शेठ आपल्या पोटाकडे बघायला लागला.

"काका! आ शुं करो छो?"

"त्याले सांगतोय, शेठ मांगे उभा शे, तोंड बंद ठेव."

"कोणाला?"

"त्याला." मामानं काचेतल्या माझ्यावर बोट ठेवलं.

आता योग असा, की त्याच वेळी माझ्या डोळ्यात सुताचं कुसळ गेलं. मी तोंड वर करून डोळा चोळला. कॅमेरा बरोबर समोर. वर ऑफिसात मामा टाळी वाजवून म्हणाला, "हां! बघितलं त्यानं. आता बोलायचा नाही."

शेठ हुशार होता. त्यानं विचारलं, "तोंड कशाला बंद ठेवायचं? असं काय बोलतो तो?"

मामा म्हणाला, "काय बोलतो ते त्याला विचारा. मालक उभा असताना माणसानं सावरून बोलावं, एवढं मी सांगितलं."

शेठला काही कळेना की हा येडा आहे की बनवतोय. त्यानं परीक्षा घ्यायची ठरवली. मेहताजीला म्हणाला, तुम्ही खाली जा, कॅमेऱ्यासमोर उभे राहा आणि काही पण बोला. बघू, हा ओळखतो का.

मेहताजी खाली आला. मला आठवतंय, मी लूमवरून पाहिलं, चष्मेवाला मेहता डब्यासमोर उभा, आणि त्याच्या तोंडावर असा काही आनंद की बस. त्या आवाजात, काचेच्या डोळ्यासमोर, शेठच्या तोंडासमोर, आणि ऐकू तर कोणालाच जात नाही! मेहताजी मला म्हणाला, "वीस वरसमां पहेली वार मोको मळ्यो, भाई." तो डब्याकडे बघून हसत हसत म्हणाला, "शेठ, तू मरे त्यारे आ कॅमेरो साथे लई जजे." मरशील तेव्हा हा कॅमेरा बरोबर घेऊन जा.

वर गेला. शेठनं मामाला विचारलं, "शुं बोल्या मेहताजी?"

मामानं मेहताजीकडे पाहिलं. मेहताजी सांगतो, त्या नजरेत त्याला कळलं की ह्यानं अक्षर न अक्षर वाचलंय.

मामा म्हणाला, "मेहताजी जय श्रीकृष्ण म्हणाले. मी पण इथून जय श्रीकृष्ण म्हटलं. त्यांनी परत उत्तर दिलं नाही, तेवढं बरोबर नाही केलं."

शेठनं मेहताजीला विचारलं, "तमे जय श्रीकृष्ण कह्युं?"

मेहताजी म्हणाला, "ना शेठ. में तो एक-बे-त्रण गण्या. आ तो गांडो छे, येडा आहे. ह्याला ओठ-बिठ काही वाचता येत नाहीत, आणि टीव्हीतल्या माणसाला नमस्कार करतोय."

शेठनं मुकादमाला बोलावून असा झापला, की खाली आम्हाला त्याचा उतरलेला चेहराच दिसला. शेठ म्हणाला, गांडा माणूस चालू लूमवर ठेवतोस, हात-बित गेला तर कोणाच्या डोक्यावर? मामाचं लूम त्याच दिवशी काढून घेतलं. बाहेर शेडच्या मागं बॉबिनवरचं उरलेलं सूत सोडायला बसवलं. ते म्हाताऱ्या बायांचं काम. असा कारीगर, त्याच्या हातच्या कापडाला कधी डाग लागला नाही, तो पोत्यावर बसला.

आणि मामाला राग कोणाचा? शेठचा नाही, मेहताचा नाही, माझा! सुट्टी झाल्यावर मी धावत त्याच्याकडे गेलो, तर त्यानं तोंड फिरवलं.

"मी तुले दिसनू नई का रे?" म्हणाला.

"कुठं?"

"टीव्हीत! घसा... ओठ फाटेपर्यंत ओरडलो. तू वर बघितलंस, माझ्या डोळ्यात बघितलंस, आणि खाली मान घालून परत टेम्पोचं सुरू केलंस. बारशाचं पण सांगितलंस. शेठला ओठ वाचता येत असते तर?"

"मामा, मला तिथून ऑफिस दिसत नाही. मला नुसता डबा दिसतो."

"खोटं बोलू नको. डोळा चोळून बघितलंस तू."

मामी पुढं लोकांना सांगायची की ह्यांना सगळं कळत होतं, मुद्दाम गांड्याचं सोंग घेतलं. लोकांना ते ऐकायला आवडतं. पण तसं नव्हतं. मेहताला झाकलं ते शहाणपणानं झाकलं, हे मी मान्य करतो. मात्र टीव्हीतून मला हाक मारली ती खरीच मारली होती. सोंग घेणारा माणूस माझ्याशी असा अबोला धरत नाही. बायको बाळंत झाली, मुलगी झाली, मामी रोज तेल लावायला यायची, आणि मामा दारापर्यंत येऊन बाहेरूनच मुलीला बघून जायचा. माझ्याकडे बघायचा नाही. डोळे मिटायचा.

बारसं झालं. सुईणबाईला लुगडं नेसवलं. शेठला कानोकान खबर नव्हती. मी मामाच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि म्हटलं, "मामा, तू पण चल. तिथं लूम मिळेल. मी त्या शेठशी बोललोय."

पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं. "तिथं मशीन कोणते?"

"नवे. परदेशी. सूत इकडून तिकडं नेणारा धोटाच नाही त्यांना."

"आवाज?"

"कमी म्हणे. दोन माणसं उभी राहून बोलू शकतात."

मामानं मान हलवली. "मग बोलायचं कुठं?"

मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. म्हणाला, "भाऊ, जिथं आवाज कमी तिथं माणसाचं सगळं उघडं. मी इथंच बघतो कुठं तरी. जुने लूम अजून पुष्कळ आहेत उधन्यात." आणि बघितलंच त्यानं. आम्ही गेल्यावर, मामीनं सांगितलं, तो दुसऱ्या एका शेडमध्ये लागला. म्हणे त्या शेडचा खडखडाट सगळ्या रोडला ऐकू जायचा.

पलसाण्याचं त्यानं सांगितलं तसंच निघालं, एवढं मी लिहितो. त्याच्या पाठीमागं लिहितोय म्हणून लिहितो, तोंडावर कबूल केलं नसतं. पहिल्याच आठवड्यात मी शेजारच्या कारीगराला घरातलं काही बोललो आणि पार टोकाचा माणूस मला म्हणाला, "असं होय?" तेव्हापासून मी कामावर गप्प राहायला शिकलो.

आम्ही निघालो तो सकाळचा वेळ होता. टेम्पो गल्लीत उभा, इंजिन चालूच, कारण बंद केलं तर परत चालू होईल ह्याचा ड्रायव्हरला भरवसा नव्हता. पत्र्याचा नुसता धडधडाट. मागं सामान, सामानावर आमचे गडी, पुढं तोंड करून. बायको पुढं मुलीला मांडीवर घेऊन बसली. मामी तिच्या हातात भाकऱ्यांचं गाठोडं देऊन डोळे पुसत बाजूला झाली. मामा गल्लीतल्या हातपंपापाशी उभा होता, लांब. मी बायकोशेजारी चढून मागं वळून बघत बसलो. टेम्पो हलला.

तेव्हा मामा बोलला.

त्यानं आवाज काढला नाही. त्या धडधडाटात काढला असता तरी पोचला नसता. त्यानं सावकाश, एकेक शब्द ओठांवर मांडून सांगितलं, आणि टेम्पो वळणावर जाईपर्यंत सांगत राहिला. मी सगळं वाचलं. एक अक्षर सुटलं नाही.

बायकोनं विचारलं, "काय म्हणून राहिले मामा?"

"नीट जा म्हणाला."

"इतका वेळ तोंड हलवलं त्यायनं, अन् नुसतं नीट जा?"

"हो."

ती मला अजून विचारते. मुलगीही विचारते, तिच्या बारशाची गोष्ट म्हणून तिला वाटतं की तिचा त्यावर हक्क आहे. मी सांगितलं नाही, आणि इथंही लिहिणार नाही. तो माझ्याशी बोलला होता.